जुनी जिप्सी, रोजचा साखळी-पणजी प्रवास : कोन फिल्टर आणि फ्री फ्लो सायलेन्सर बसवावा का?

साखळीकर
८ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००६ ची जिप्सी किंग आहे. १.३ लिटर, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची), कापडी टपाची. बाबांनी घेतली होती, गेली सहा वर्षं मी चालवतोय आणि घरात दुसरी चारचाकी नाही. रोज साखळीहून आमोणे पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे करत पणजीला ऑफिस, संध्याकाळी परत. सुट्टीला चोर्ला, तांबडी सुर्ल, आणि पावसात सत्तरीतले व्हाळ, म्हणजे ओढे.

वर्षभर गाडी दमल्यासारखी चालतेय. केरीहून घाट लागला की पूर्वी जिथे तिसऱ्यावर आरामात ओढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो. अ‍ॅव्हरेज अकरावरून नऊवर आलंय. धूर नाही, तेल पीत नाही, टॅपेट मार्चमध्ये सेट केलेत, प्लग नवे आहेत.

एका गॅरेजात दाखवली. त्यांनी बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं की या इंजिनाचा श्वास कोंडलाय, कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून उघडा, शंकूसारखा कोन फिल्टर लावू, ४-२-१ हेडर (चार सिलिंडरचे धुराचे पाईप आधी दोन आणि मग एक करणारा), मागे सव्वादोन इंची पाईप आणि स्ट्रेट थ्रू, म्हणजे धूर न अडवता सरळ सोडणारा फ्री फ्लो सायलेन्सर. मजुरीसकट ३८ हजार. पॉवर १५ टक्के वाढेल म्हणाले. पैसे साठवलेले आहेत, पण हात धजत नाही. ज्यांनी रोजच्या गाडीवर हे केलंय त्यांनी कृपया सांगा. स्नॉर्केलही (इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणारा पाईप) याच वेळी बसवून घ्यावा का?

---

घाटवाट
८ जून, रात्री १०:१२

आवाज एकदम भारी येतो एवढं नक्की. बाकी जाणकार सांगतीलच. धागा वाचतोय.

---

चाक_आणि_चिखल
८ जून, रात्री ११:०५

साखळीकर दादा, मी हे सगळं केलेलं आहे, तुमच्यासारख्याच जिप्सीवर. कोन, हेडर, दोन इंची पाईप, स्ट्रेट थ्रू. पहिला आठवडा मी हवेत होतो. रेस दिली की घशातून ओढल्यासारखा तो आवाज, मागून खर्ज. गाडी पळतेय असंच वाटायचं.

मग नेत्रावळीच्या बाजूला एका लाल मातीच्या चढावर गेलो. फोर लो (चारही चाकांना ताकद, सर्वांत हळू गती), दुसरा गियर, दगडांवरून हळूहळू. पूर्वी पायाच्या नुसत्या वजनावर चढायची ती आता १५०० आरपीएमच्या खाली गेली की गचके द्यायची. क्लच अर्धा दाबून रेस द्यावी लागायची, आणि चढावर अर्धा क्लच म्हणजे प्लेटचा वास. वरच्या आरपीएमला थोडं मिळालं असेल, पण मी चिखलात चार हजारांवर कधी असतो?

दीड वर्षाने सगळं उतरवलं. कंपनीचा डबा माळ्यावर ठेवला होता म्हणून वाचलो. तुम्ही काहीही करा, पण जुना डबा आणि जुना पाईप भंगारवाल्याला देऊ नका.

---

रेडलाईन_म्हापसा
९ जून, सकाळी ७:३०

वरच्या प्रतिसादाशी असहमत. दोन इंच पाईप १.३ ला मोठा पडतो, दोष त्या मापाचा आहे, फ्री फ्लोचा नाही. माझ्याकडे ४-२-१ हेडर आहे, मागे पावणेदोन इंच, चार वर्षं झाली. कंपनीचा ओतीव मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून निघालेला धूर गोळा करणारा भाग, जड आणि आखूड असतो, चारही सिलिंडरचा धूर लगेच एकत्र येतो. ४-२-१ मध्ये जोड्या नीट लावल्या तर एकाचा धक्का दुसऱ्याला आडवा येत नाही, उलट पुढचा धूर मागच्याला ओढून नेतो. मला पर्वरीच्या चढावर फरक स्पष्ट जाणवतो. काम नीट केलं तर फायदा आहे, एवढंच म्हणणं.

---

फोंड्याचा_फिटर
९ जून, दुपारी १:४०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. सव्वीस वर्षं हेच काम करतो.

रेडलाईन म्हणतात ते हेडरबद्दल बरोबर आहे. पण साखळीकरांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची गाडी पूर्वी याच डब्यावर आणि याच पाईपवर तिसऱ्याने घाट चढत होती. म्हणजे कंपनीचा भाग लहान आहे म्हणून ती दमलेली नाही. काहीतरी बिघडलंय म्हणून दमलीय. ते न शोधता ३८ हजारांचं सामान चढवलं तर बिघाड तसाच राहील आणि वर नवा आवाज येईल.

काय बघायचं ते सांगतो. फिल्टरच्या डब्याच्या चारही क्लिपा लागतात का? जुन्या जिप्सीत एखादी तरी तुटलेली असते आणि झाकण तारेने बांधलेलं असतं. मग डब्यापासून थ्रॉटलपर्यंत (रेस दिली की उघडते ती हवेची झडप) जाणारा रबरी होज काढून उजेडात धरा आणि हाताने ताणा. चुण्यांच्या खाचेत चीर असते, ती न ताणता दिसत नाही. थ्रॉटलच्या तोंडात पांढरं फडकं फिरवा. फडकं तांबडं निघालं तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जातेय.

तुमच्या गाडीत हवेचं माप एमएपी सेन्सर घेतो, म्हणजे तो थ्रॉटलच्या पलीकडे, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब बघतो. त्यामुळे थ्रॉटलच्या अलीकडे होज फाटला तरी मिश्रण बिघडत नाही, चेक इंजिनची लाईट पेटत नाही, गाडी काहीच तक्रार करत नाही. गुपचूप माती खात राहते. तुमचा रस्ता खाणीच्या ट्रकांचा. ती धूळ पिठासारखी बारीक असते आणि पिस्टनच्या रिंगा घासून टाकते. एवढं बघा आणि इथे लिहा.

---

पेडणेकरीण
९ जून, दुपारी ४:१५

फिटरदादांना अनुमोदन. माझ्याकडे बाबांची एमएम ५४० आहे, प्यूजोच्या २.१ लिटर डिझेल इंजिनाची. तिला ऑइल बाथ फिल्टर आहे. वाटीत तेल, हवा त्यावर आपटून वळते, धूळ तेलात बसते. दर दोन महिन्यांनी वाटी उतरवून तळाचा गाळ काढते. धारगळच्या बाजूला रस्त्याची कामं चालू होती तेव्हा बोटभर लाल चिखल निघायचा, हळदीकुंकवाच्या करंड्यासारखा रंग. तो गाळ पाहिला की फिल्टरशिवाय त्या इंजिनाचं काय झालं असतं ते कळतं. मी काही अपग्रेड केलेलं नाही आणि गाडी अजून सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते.

---

मास्तर_डिचोली
९ जून, रात्री ९:२०

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझीही जिप्सीच आहे, त्यामुळे या विषयावर लिहिल्यावाचून राहवत नाही. फिल्टर अडवतो की नाही हे मोजता येतं, आणि मोजायला शंभर रुपयेही लागत नाहीत.

हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पारदर्शक प्लास्टिकची नळी चार मीटर घ्या. मधला भाग इंग्रजी यू आकारात एका फळीवर चिकटवा, शेजारी फूटपट्टी लावा, यूमध्ये कुंकू घातलेलं पाणी भरा. एक टोक उघडं ठेवायचं, दुसरं टोक फिल्टरच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या होजला जोडायचं. शेजारी कुणाला तरी फळी उभी धरून बसवा. मोकळ्या चढाच्या रस्त्यावर तिसऱ्यात पाय पूर्ण दाबा आणि पाणी किती सेंटिमीटर सरकतं ते त्याला बघू दे. जागेवर उभं राहून रेस देऊन उपयोग नाही, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि इंजिनावर भार असायलाच हवा. गाडी चालवणाऱ्याने नळीकडे बघायचं नाही.

माझ्या जिप्सीचे आकडे देतो. वर्षभर वापरलेला फिल्टर : २८ सेंमी. नवा कागदी फिल्टर : १२ सेंमी. फिल्टर काढून नुसता डबा, एकदाच, पावसानंतर धूळ नसताना : ९ सेंमी.

आता हे केवढं ते बघा. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण दहा मीटर, १,०३० सेंमी उंचीचा पाण्याचा स्तंभ. २८ सेंमी म्हणजे पावणेतीन टक्के. १२ सेंमी म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत. जगातला सर्वांत मोकळा कोन लावला तरी नव्या कागदी फिल्टरपेक्षा फार तर एक टक्का मिळेल. ८० हॉर्सपॉवरमधली एक टक्कासुद्धा पुरती एक हॉर्सपॉवर होत नाही.

दुसरी बाजू तापमानाची. कंपनीचा डबा बॉनेटबाहेरची हवा ओढतो, कोन बॉनेटखालची. मी माशांच्या टाकीचा थर्मामीटर घेतला, त्याची तार बॉनेटखाली आणि दुसरी ग्रिलपाशी लावली. मेरशीच्या सर्कलवर दहा मिनिटं अडकलो तेव्हा बाहेर ३३, आत ६८. हवा तापली की विरळ होते, हिशेब केल्विनमध्ये करायचा : ३०६ भागिले ३४१, म्हणजे घनता दहा टक्क्यांनी कमी. मोकळ्या रस्त्यावर पन्नासने जाताना आतलं ४५ वर उतरलं, तरी चार टक्के तोटा उरलाच. एक टक्का मिळवायला चार ते दहा टक्के घालवायचे.

---

घाटवाट
९ जून, रात्री ९:४५

मास्तर, तुमच्या वर्गात असतो तर दहावीला भौतिकात जास्त गुण पडले असते. रविवारी नळी आणतोय.

---

रेडलाईन_म्हापसा
९ जून, रात्री १०:३०

आकडे पाहून मान्य करतो, उघडा कोन नको. मीही डबा कंपनीचाच ठेवलाय, फक्त आत कॉटनचा धुवायचा फिल्टर आहे. हेडरबद्दलचं मत मात्र कायम.

---

फोंड्याचा_फिटर
१० जून, दुपारी १:३५

कॉटनच्या फिल्टरला तेल किती लावता त्यावर सगळं आहे. ज्या गाड्यांना आत जाणारी हवा मोजणारा गरम तारेचा एमएएफ सेन्सर असतो त्यांच्यात जास्तीचं तेल तारेवर बसतं आणि माप चुकतं. जिप्सीला तो त्रास नाही. पण तेल कमी पडलं तर बारीक धूळ पार होते. आमच्याकडे धुतलेला फिल्टर ओलाच बसवून आणणारेही येतात. रोजच्या गाडीला मी कागदीच सांगतो, आणि लाल रस्त्यावर असाल तर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर बदला. हवेच्या प्रेशरने फुंकून तोच परत लावू नका, कागदाला सुया टोचल्यासारखी भोकं पडतात.

---

सत्तरीचा_थार
१० जून, रात्री ८:५०

माझी थार २.५ सीआरडीई, २०१३ ची. डिझेल टर्बोचं गणित वेगळं. टर्बोनंतरचा धुराचा पाईप मोकळा केला तर खरंच फरक पडतो, कारण टर्बो मागच्या दाबाविरुद्ध फिरत असतो. पण तिथेही आधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज तपासा. माझा एक होज क्लिपखाली चिरला होता, शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर. होज बदलला आणि हरवलेली ताकद परत आली.

मुख्य म्हणजे स्नॉर्केलबद्दल लिहायचं होतं. तो ताकदीसाठी नाही, पाण्यासाठी आहे. माझ्या आधीच्या गाडीची गोष्ट. वाळपईच्या पलीकडे जुलैत एक व्हाळ, रोजचा ओळखीचा. वर डोंगरात कोसळला असणार, पाणी बॉनेटवर आलं आणि इंजिन मधेच थांबलं. मी घाबरून परत स्टार्टर मारला. एकदाच. खाट् असा एक आवाज आला, तो अजून कानात आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, वाट नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. इन्शुरन्सने हात वर केले, कारण पाण्याने इंजिन गेलं तर ते साध्या पॉलिसीत बसत नाही, इंजिनाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. मी घेतलं नव्हतं.

पाण्यात बंद पडली तर स्टार्टरला हात लावू नका. ओढून बाहेर काढा, पेट्रोल असेल तर प्लग, डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढा, मग इंजिन फिरवा म्हणजे पाणी भोकांतून उडेल. तेलाची काडी बघा. तेल ताकासारखं दिसलं तर ते बदलल्याशिवाय चालू करायचं नाही.

---

चाक_आणि_चिखल
१० जून, रात्री ९:३०

यात एक भर. स्नॉर्केल लावला की लोकांना वाटतं गाडी पाणबुडी झाली. डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरच्या पेटीचा) ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं तोंड, अ‍ॅक्सलवरच असतो. घाट उतरून गरम झालेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि तो पाणी ओढतो. ब्रीदरला पेट्रोलचा होज जोडून बॉनेटपर्यंत वर आणा, टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर. दोनशे-अडीचशे रुपयांत काम होतं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसलाही तसंच.

आणि स्नॉर्केलसाठी फेंडर कापला की कापलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर. आपल्याकडच्या हवेत उघडा पत्रा एका पावसात तांबडा होतो.

---

दिवाडीकर
११ जून, सकाळी ६:४०

गंजाचा विषय निघालाच आहे तर सायलेन्सरचं सांगतो. मी बेटावर राहतो, रोज फेरीने जुन्या गोव्याला. भरतीच्या वेळी रॅम्पवर खारं पाणी असतं, चाकांनी ते थेट सायलेन्सरवर उडतं. साध्या लोखंडाचा सायलेन्सर मला तीन वर्षंही पुरत नाही.

पण तो बाहेरून जेवढा गंजतो त्यापेक्षा जास्त आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटरच पाणी तयार होतं. इंजिन आणि पाईप चांगले तापले तर ते वाफ होऊन निघून जातं. माझं घर ते फेरी तीन किलोमीटर, पाईप तापतच नाही, सगळं पाणी सायलेन्सरच्या पोटात. एकदा उतरवून उलटा केला तर काळंकुट्ट पाणी ओतलं गेलं, अर्धा तांब्या तरी असेल. तेव्हापासून सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी ३ मिमीचं भोक पाडतो. आवाजात फरक पडत नाही. पुढचा सायलेन्सर स्टेनलेसचा करून घेणार आहे.

---

साखळीकर
११ जून, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी सुट्टी आहे, मास्तरांची नळी आणि फिटरदादांचं फडकं दोन्ही करतो. तोपर्यंत गॅरेजला ‘नको’ असं कळवलंय.

---

कागदपत्रं_जपा
१२ जून, दुपारी १२:२०

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्वरूपात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचं कलम १९०(२) वेगळं, त्यात पहिल्या वेळी १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन अपात्र.

तुमची गाडी २००६ ची. १५ वर्षांचं नूतनीकरण २०२१ ला झालं असेल, ते पाच वर्षांचंच असतं. म्हणजे २०२६ ला परत पासिंग. तेव्हा निरीक्षक खाली वाकून बघतातच. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून नुसता पाईप घातला असेल तर पीयूसीतही अडकाल. स्नॉर्केलसुद्धा लावण्याआधी आरटीओत जाऊन विचारा.

---

वाड्यावरची
१२ जून, दुपारी ३:०५

मी गाडीवाली नाही, नवऱ्याच्या लॉगिनमधून लिहितेय. आमच्या वाड्यावर एक जीप आहे मोकळ्या सायलेन्सरची. रात्री साडेअकराला चढ चढते तेव्हा माझी सासू दचकून उठते, तिला हृदयाचा त्रास आहे. परत झोप लागायला दोन तास जातात. ती चालवणारा मुलगा चांगला आहे, आमच्या अडीअडचणीला धावतो. त्याला सांगायला जीभ रेटत नाही. इथे लिहिलं तर कुणीतरी वाचेल म्हणून लिहिलं.

---

रेडलाईन_म्हापसा
१२ जून, संध्याकाळी ७:१५

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझा सायलेन्सर स्ट्रेट थ्रू नाही, पण रात्री आमच्या गल्लीत मीही दुसऱ्यात रेस देत येतो. यापुढे नाही देणार. आणि त्या मुलाला सांगाच. अडीअडचणीला धावणारा माणूस सासूबाईंसाठी पाईपही बदलेल.

---

मास्तर_डिचोली
१२ जून, रात्री ९:००

स्ट्रेट थ्रूचा गाडीतल्या माणसालाही त्रास असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला आरपीएम भागिले ३० इतके स्फोट होतात. २,४०० ला ८०. पाचव्यात आरामात चाललेलं असतानाच हा ८० हर्ट्झचा घुमारा कापडी टपाच्या आत भरतो आणि अर्ध्या तासात डोकं जड होतं. स्ट्रेट थ्रूच्या आत भरलेलं ग्लासवूल बारीक, उंच आवाज खातं, हा खर्ज खात नाही. तो मारायला बाजूला बंद टोकाचा पाईप जोडतात, त्याची लांबी आवाजाच्या लहरीच्या पाव. गरम धुरात आवाजाचा वेग सेकंदाला साडेचारशे-पाचशे मीटर धरला तर ती दीड मीटर येते. जिप्सीखाली दीड मीटर पाईप कुठे बसवणार? कंपनीच्या सायलेन्सरमधले कप्पे हेच काम थोडक्या जागेत करतात.

---

पेडणेकरीण
१३ जून, सकाळी ८:१०

कापडी टपावरून आठवलं, हे फार महत्त्वाचं आहे. पाईपचं टोक बॉडीच्या बाहेरपर्यंत आलंच पाहिजे. मागचं कापड गुंडाळून चालवलं की गाडीच्या पाठीमागे पोकळी तयार होते आणि धूर पुढे, आत ओढला जातो. माझ्या भावाने पाईप मागच्या चाकाजवळच कापून सोडला होता. बेळगावहून येताना मागच्या सीटवर माझी दोन्ही मुलं झोपली, असं आम्हाला वाटलं. चोर्ल्याला थांबलो तेव्हा धाकटी उठेना. गालावर पाणी मारलं, मोकळ्या हवेत धरली, मग ओकली आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पॅकिंग कुठे फुटलंय का, फ्लँज (पाईपचा जोड) गळतोय का, हे दर पावसाळ्यानंतर बघा.

---

साखळीकर
१५ जून, रात्री ८:३०

मंडळी, निकाल लागला. सविस्तर लिहितो.

शनिवारी सकाळी फिल्टरचा डबा उघडला. चारपैकी दोन क्लिपा नाहीत, एका बाजूला तांब्याची तार. ती मीच कधीतरी बांधली होती आणि विसरलो होतो. होज काढून ताणला तर तिसऱ्या चुणीत खालच्या बाजूने करंगळी जाईल एवढी चीर. थ्रॉटलमध्ये आईच्या जुन्या पांढऱ्या साडीचा तुकडा फिरवला आणि बाहेर काढला. विटकरी. बोटांत चोळलं तर कणकण लागले. मला खरंच वाईट वाटलं, बाबांनी ही गाडी एवढी जपली होती.

नवा होज डिचोलीत मिळाला, क्लिपा पणजीहून आणल्या. आधी जुन्याच फिल्टरवर नळी लावली, मागे चुलतभाऊ फळी धरून. ३१ सेंमी. नवा कागदी फिल्टर घातला, १२. मास्तर, तुमच्याइतकाच आला. गाडी थोडी हलकी झाली, पण केरीच्या चढावर तिसरा अजून टिकेना.

म्हणून सोमवारी रजा टाकून फोंड्याला फिटरदादांकडे गेलो. त्यांनी ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशरचा काटा लावला. २,५०० आरपीएमला ५ पीएसआय. ते म्हणाले ३ च्या वर म्हणजे पुढे कुठेतरी तुंबलंय. मग कॅटच्या मागचा फ्लँज सोडवला आणि परत रेस दिली, काटा एकच्याही खाली. कॅट ठीक, दोष सायलेन्सरमध्ये. उतरवून हलवला तर आत डबा वाजावा तसा खडखडाट. कटरने उघडला : आतला मधला पडदा गंजून सुटला होता आणि पुढच्या नळीच्या तोंडावर झाकणासारखा बसला होता. दिवाडीकर, खाली तळाशी तुमचं ते काळं पाणीही होतं.

---

फोंड्याचा_फिटर
१५ जून, रात्री ९:१०

पाईपच्या जोडांचे स्टड (बोल्ट) सोडवायला मात्र अर्धा दिवस गेला. एकूण सहा, त्यातले दोन तुटले, गरम करून काढावे लागले. एक सगळ्यांसाठी : नवे बसवताना तांब्याचे नट आणि कॉपर ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी शिव्या द्याव्या लागणार नाहीत.

---

घाटवाट
१५ जून, रात्री ९:२०

मग आता घातलं काय? आणि घाट चढली का?

---

साखळीकर
१६ जून, रात्री ९:४०

कंपनीच्याच मापाचा, कप्प्यांचा सायलेन्सर, पण स्टेनलेसचा. मडगावला आर्गन वेल्डिंगने करून घेतला, पाईप मूळच्याच जाडीचा, टोक बंपरच्या चार बोटं बाहेर. तळाला ३ मिमीचं भोक. होज, फिल्टर, क्लिपा, पॅकिंग, सायलेन्सर, मजुरी धरून १४ हजार ३०० झाले.

आज ऑफिसमधून लवकर सुटलो आणि घरी न थांबता सरळ केरीला गेलो. पाऊस होता. देवळाच्या पुढच्या वळणापासून तिसरा टाकला आणि गियरवरचा हात मुद्दाम काढून मांडीवर ठेवला. पहिला हेअरपिन गेला, दुसरा गेला. ज्या वळणावर वर्षभर दुसरा टाकत होतो तिथे जरा घरघरली आणि ओढून गेली. वर पोचेपर्यंत हात मांडीवरच होता. टपावर पाऊस वाजत होता, तो ऐकू येत होता, एवढी गाडी शांत आहे.

देव बरें करूं सगळ्यांचं. हेडरचा विचार रेडलाईन यांची गाडी एकदा चालवून बघून मगच. स्नॉर्केलसाठी आरटीओत विचारायला पुढच्या आठवड्यात जातोय, पण ब्रीदरचे होज या रविवारीच वर घेतो. तोपर्यंत व्हाळ बंद.

---

रेडलाईन_म्हापसा
१६ जून, रात्री १०:०५

कधीही या. चावी तुमचीच.

---

सत्तरीचा_थार
१६ जून, रात्री १०:३०

ब्रीदर वर घेताना मागच्या अ‍ॅक्सलचा होज ढिला सोडा, सस्पेन्शन पूर्ण खाली गेलं तरी ताणला जाता कामा नये. जॅक लावून चाक लोंबकळत ठेवा आणि मग माप घ्या. माझा पहिला होज पहिल्याच खड्ड्यात निसटला होता.

---

वाड्यावरची
१८ जून, सकाळी ११:२०

त्याला सांगितलं. कालपासून खालच्या वडाजवळ गाडी बंद करून ढकलत आणतोय, नवा सायलेन्सर येईपर्यंत. साखळीकर, मडगावच्या त्या वेल्डिंगवाल्याचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? त्याला द्यायचा आहे.